अर्धे वाचलेले निकालपत्र

टोकियोच्या यासुकुनी देवालयात जपानसाठी रणांगणावर पडलेल्यांच्या आत्म्यांची पूजा होते. त्या देवालयाच्या आवारात २००५ साली एक स्मारक उभारण्यात आले. ते कोणा सेनापतीचे नाही, सम्राटाचेही नाही. ते न्यायाधीशाच्या वेषातील एका बंगाली गृहस्थाचे आहे. क्योतो येथेही त्यांचे असेच स्मारक आहे आणि हाकोने येथे त्यांच्या नावाने स्मृतिभवन आहे. न्यायमूर्ती डॉ. राधाविनोद पाल हे त्यांचे नाव. परक्या देशात एखाद्या भारतीयाला इतका मान मिळावा ही अभिमानाचीच गोष्ट होय. मात्र ज्या निकालपत्रासाठी हा मान मिळाला, ते निकालपत्र मान देणाऱ्यांनी किती वाचले आणि ज्यांच्या भूमीत हा पुरुष जन्मला त्यांनी तरी किती वाचले, हा प्रश्न विचारला की अभिमानाबरोबर थोडी अस्वस्थताही येते.

पाल यांचा जन्म १८८६ सालचा, आज बांगलादेशात असलेल्या कुष्टिया भागातील एका खेड्यातला. घरची स्थिती बेताची. शिक्षण गणिताचे, मयमनसिंहच्या आनंदमोहन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे गणितच शिकविले आणि मग ते कायद्याकडे वळले. प्राचीन हिंदू विधिविचार हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. कलकत्ता विद्यापीठाची प्रतिष्ठेची टागोर विधी व्याख्याने देण्याचा मान त्यांना एकदा नव्हे, तीन वेळा मिळाला. पुढे ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९४४ ते १९४६ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९४६ साली टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावर भारताच्या वतीने त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ही नेमणूक करणारे सरकार ब्रिटिशांचे होते. आपण निवडलेला हा साठीतला विद्वान अकरा न्यायाधीशांत एकटा उभा राहून सर्व आरोपींना निर्दोष ठरवील, याची त्या सरकारला स्वप्नातही कल्पना नसावी.

हे न्यायाधिकरण कसे घडले होते ते पाहिले म्हणजे पाल यांच्या निकालाचे मर्म कळते. जनरल मॅकआर्थर यांनी जानेवारी १९४६ मध्ये त्याची सनद काढली. न्यायाधीश अकरा आणि अकराही जेत्यांच्या बाजूचे. तटस्थ राष्ट्राचा एकही नाही, पराभूतांचा असण्याचा तर प्रश्नच नव्हता. फिलिपाइन्सचे न्यायाधीश स्वतः बातानच्या कुप्रसिद्ध पदयात्रेतून वाचलेले, म्हणजे आरोपींच्या सैन्याने छळलेले. सोव्हिएत न्यायाधीशांना तर न्यायालयात चालणाऱ्या इंग्रजी आणि जपानी या दोहोंपैकी एकही भाषा येत नव्हती. आरोपी अठ्ठावीस. त्यांतला ओकावा शुमेई हा लेखक एके काळी रासबिहारी बोस यांचा स्नेही होता. खटल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने पुढे बसलेल्या जनरल तोजोच्या टकलावर चापट मारली आणि तो वेडा ठरून खटल्यातून सुटला. दोघे खटला चालू असतानाच वारले. उरले पंचवीस. अडीच वर्षांच्या कामकाजात ४१९ साक्षीदार तपासले गेले आणि चार हजारांहून अधिक कागदपत्रे दाखल झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताने पंचवीसही दोषी ठरले आणि २३ डिसेंबर रोजी सात जणांना फाशी देण्यात आले.

या सगळ्या कामकाजात काय बोलले गेले याच्या नोंदी विपुल आहेत. काय बोलू दिले गेले नाही, ते अधिक बोलके आहे. मे १९४६ मध्ये आरोपींच्या बाजूने उभ्या असलेल्या ब्लेकनी या अमेरिकन वकिलाने भर न्यायालयात हिरोशिमाचा विषय काढला. पर्ल हार्बरवर मारल्या गेलेल्यांची हत्या हा खून असेल, तर हिरोशिमावर बाँब टाकण्याची योजना करणाऱ्यांची नावेही ठाऊक आहेत, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. तो बोलत असताना जपानी अनुवाद मध्येच थांबला. सभागृहात बसलेल्या ज्या जपानी माणसांसाठी तो बोलत होता, त्यांनाच तो काय म्हणाला हे त्या वेळी कळले नाही. पुढे अणुबाँबसंबंधीचा पुरावा या खटल्याशी असंबद्ध म्हणून बाजूला सारण्यात आला. अनुवादकाचा आवाज बंद करून इतिहासाचा एक कोपरा झाकता येतो, याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

न्यायासनावरील इतर राष्ट्रांची अवस्था काय वेगळी होती? जपानने शेजाऱ्यांच्या भूमीवर आक्रमण केले हा मुख्य आरोप. तो ऐकत असलेल्या हॉलंडने १९४७ च्या जुलैत इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडण्यासाठी फौजा पाठविल्या आणि त्या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ असे सोज्वळ नाव दिले. फ्रान्सने १९४६ च्या नोव्हेंबरात व्हिएतनामच्या हायफाँग शहरावर तोफा डागल्या. सोव्हिएत रशियाचा जपानशी तटस्थतेचा करार होता. तो झुगारून त्याने ऑगस्ट १९४५ मध्ये, पहिला बाँब पडल्यावर, युद्ध पुकारले. युद्धकैद्यांना जपानने क्रूरपणे वागविले या आरोपावर सोव्हिएत न्यायाधीश मान डोलावीत होते, त्याच वेळी सुमारे सहा लाख जपानी युद्धकैदी सैबेरियाच्या छावण्यांत राबत होते. त्यांतले पन्नास हजारांहून अधिक परत आलेच नाहीत. आणि ब्रिटन? १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून मेली. त्यावर एक चौकशी आयोग नेमला गेला, अहवाल आला आणि फाईल बंद झाली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर ते मृत्यू घडले त्या काळात पाल त्याच शहरात राहत होते. स्वतःचे ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही आपल्याकडची म्हण त्या न्यायालयाच्या दारावर कोरायला हरकत नव्हती.

झाकून ठेवण्याचा व्यवहार किती थंडपणे होतो, याचा नमुना म्हणजे मांचुरियातील ‘तुकडी ७३१’ चे प्रकरण. जपानी सैन्याच्या या तुकडीने हार्बिनजवळ जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. तिचा प्रमुख शिरो इशी टोकियोच्या पिंजऱ्यात कधी उभा राहिलाच नाही. कारण त्याच्याजवळची माहिती अमेरिकेला हवी होती आणि माहितीच्या बदल्यात अभय हा सौदा ठरला. म्हणजे जपानचा एक अत्यंत भीषण अपराध खुद्द जेत्यांनीच विसरण्याचे ठरविले. सम्राट हिरोहितो यांच्यावरही खटला नाही. जपानचा कारभार सुरळीत चालवायला ते हवे होते. शीतयुद्ध तापल्यावर तर विस्मरणाचा वेग आणखी वाढला. सात वर्षांची शिक्षा झालेले शिगेमित्सु १९५४ साली जपानचे परराष्ट्रमंत्री झाले. जन्मठेप झालेले काया ओकिनोरी १९६३ साली न्यायमंत्री झाले. होय, न्यायमंत्रीच! ज्या अमेरिकेने त्यांना मानवजातीपुढे गुन्हेगार म्हणून उभे केले, तिने त्यावर भुवईसुद्धा उंचावली नाही. तोवर जपान मित्रराष्ट्र झाले होते आणि मित्राचे जुने पाप आठवत बसण्याची रीत राजकारणात नाही.

बाराशेहून अधिक पृष्ठांच्या आपल्या भिन्नमतपत्रात पाल यांनी या दांभिकतेवर बोट ठेवले, हे खरे. पण केवळ ‘तुम्ही तरी कोठे धुतल्या तांदळाचे’ एवढेच ते म्हणाले, असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. त्यांचा पहिला मुद्दा निखळ कायद्याचा होता. आक्रमक युद्ध सुरू करणे हा व्यक्तींना शिक्षा देण्याजोगा गुन्हा आहे, असा आंतरराष्ट्रीय कायदा युद्धापूर्वी अस्तित्वात नव्हता. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्धाचा निषेध केला, पण तो मोडणाऱ्या माणसाला फाशी द्यावी असे त्यात कोठेही नाही. मग कृत्य घडून गेल्यावर कायदा करून त्याखाली माणसे लटकविणे म्हणजे न्याय नव्हे, केवळ सत्तेचा वापर. दुसरा मुद्दा कटाचा. १९२८ पासून १९४५ पर्यंत जपानचे सर्व नेते एकाच कटात सामील होते, ही सरकार पक्षाची मांडणी त्यांना मान्य झाली नाही. या काळात तेथे मंत्रिमंडळे एकामागून एक कोसळत होती आणि नेते एकमेकांच्या उरावर बसलेले होते. तिसरा मुद्दा साम्राज्यवादाचा. कालपर्यंत तलवारीने मिळविलेले आज कायद्याने सुरक्षित करायचे आणि दुसऱ्याने तलवार उपसली की तिला गुन्हा म्हणायचे, ही शांतता नव्हे, ती लुटीची राखण आहे. अणुबाँबचा उल्लेखही त्यांनी टाळला नाही.

आणि आता निकालपत्राचा तो भाग, जो फारसा कोणी उघडत नाही. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंग शहरात जपानी सैन्याने जे केले त्याविषयी पाल यांनी कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही. पुराव्यात अतिशयोक्ती असू शकेल, प्रचाराचे मिश्रणही असेल, हे मान्य करूनसुद्धा सैनिकांनी नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष आहे. फिलिपाइन्समधील अत्याचारांबाबतही त्यांनी हेच म्हटले. त्यांचे म्हणणे एवढेच की, ज्यांनी प्रत्यक्ष हे केले त्यांच्यावर ठिकठिकाणच्या लष्करी न्यायालयांत खटले चालले आणि त्यांना कठोर शिक्षा झाल्या. समोर उभ्या असलेल्या मंत्र्यांनी व सेनाधिकाऱ्यांनी तसे आदेश दिले, हे मात्र सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. हे मत वादग्रस्त आहे. त्याच पिंजऱ्यात जनरल मात्सुइ होते, ज्यांच्या अधिपत्याखालील सैन्य नानकिंगमध्ये शिरले होते. वरिष्ठाने रोखले नाही हाही अपराध नव्हे काय, असा आक्षेप पाल यांच्यावर घेता येतो आणि तो घेतला गेलाही आहे. परंतु ‘आरोपीविरुद्ध पुरावा पुरेसा नाही’ आणि ‘घटना घडलीच नाही’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाल पहिले विधान करीत होते. त्यांच्या नावावर आज खपविले जाते ते दुसरे.

१९५२ च्या एप्रिलात अमेरिकेचा ताबा संपला आणि त्याच वर्षी जपानी भाषेत पाल यांच्या निकालाचा सारांश देणारे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थच मुळी ‘जपान निर्दोष’ असा. पाल यांनी आरोपींना निर्दोष म्हटले होते. पुस्तकाने राष्ट्राला निर्दोष करून टाकले. गणित आणि कायदा यांत आयुष्य घालविलेल्या माणसाने ज्या काटेकोरपणे शब्द वापरले होते, तो काटेकोरपणा एका शीर्षकात विरून गेला. यासुकुनीत १९७८ साली टोकियोत दोषी ठरलेल्या वा खटला चालू असताना वारलेल्या चौदा जणांचा समावेश पूज्य आत्म्यांत करण्यात आला, तोही गाजावाजा न करता. पाल यांचे स्मारक त्याच आवारात आल्याने काय घडले? एका विधिज्ञाचे मत चौदा जणांच्या पुण्याईचे प्रमाणपत्र बनले. नानकिंगवरील पानांना त्या आवारात जागा नाही. नानकिंगमध्ये काही झालेच नाही असे म्हणणाऱ्या जपानी लेखकांनी पाल यांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करावे, हा या न्यायमूर्तींवर झालेला सर्वांत मोठा अन्याय होय.

द्रोणपर्वात युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने म्हटले आणि ‘हत्ती’ हा शब्द ऐकू येणार नाही असा उच्चारला. अर्धे ऐकविलेले सत्य शस्त्रासारखे चालते. पण आपल्या महाकाव्याचे मोठेपण पुढे आहे. त्या क्षणापर्यंत भूमीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला, हे व्यासांनी लपविले नाही. इतकेच काय, त्या एका असत्यापायी युधिष्ठिराला शेवटी नरकदर्शन घडले, हेही लिहून ठेवले. कर्णपर्वातला प्रसंग तर निवडक स्मृतीचा जणू वस्तुपाठच आहे. रथाचे चाक रुतल्यावर कर्णाला धर्म आठवतो आणि श्रीकृष्ण त्याला विचारतात, द्रौपदीला सभेत ओढून आणली तेव्हा तुझा धर्म कोठे होता? अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारले तेव्हा कोठे होता? हा प्रश्न आपल्याकडे व्याख्यानांतून, कीर्तनांतून हजारदा सांगितला जातो आणि टाळ्या घेतो. तो प्रश्न कर्णाला निरुत्तर करतो, यात शंका नाही. मात्र रथहीन योद्ध्यावर बाण सोडणे हे त्यामुळे निष्कलंक कृत्य ठरते, असे महाभारत कोठेही म्हणत नाही. विजयी पक्षाचे ग्रंथ असे लिहिले जात नाहीत. आपल्या नायकांचे अपराध ज्या ग्रंथात इतक्या तपशिलाने नोंदविलेले आहेत, तो ज्यांचा वारसा आहे त्यांना टोकियोचे निकालपत्र संपूर्ण वाचण्याची भीती का वाटावी?

पाल स्वतः विस्मरणाला किती तीव्रतेने भिडत, हे १९५२ च्या नोव्हेंबरात हिरोशिमात दिसले. तेथील स्मारकावर ‘ही चूक पुन्हा होणार नाही’ अशा आशयाचा लेख होता. पाल संतापले. चूक कोणाची? बाँब टाकणाऱ्यांचे हात अजून धुतले गेलेले नाहीत आणि मेलेल्यांनी क्षमा मागायची? तो लेख लिहिणाऱ्या हिरोशिमाच्या प्राध्यापकांनी त्यांना उत्तर पाठविले की, यातील कर्ता जपानी माणूस नाही, अखिल मानवजात आहे. वाद आजही मिटलेला नाही. गंमत अशी की त्याच हिरोशिमात स्मरणाचीही प्रतवारी झाली. बाँबने मेलेल्यांत हजारो कोरियन होते, कित्येक सक्तीने आणलेले मजूर. त्यांच्यासाठीचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते शांती उद्यानाच्या बाहेर. उद्यानाच्या आत त्याला जागा मिळायला १९९९ साल उजाडावे लागले. स्वतः बळी पडलेला समाजसुद्धा दुसऱ्या बळीला कुंपणाबाहेर ठेवू शकतो.

चीनबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. नानकिंगच्या हत्याकांडासाठी त्याने २०१४ पासून १३ डिसेंबर हा राष्ट्रीय स्मरणदिन ठरविला आणि तो यथोचितच आहे. परंतु १९५८ नंतरच्या चार वर्षांत माओच्या ‘मोठ्या झेपे’मुळे कोट्यवधी चिनी माणसे उपासमारीने मेली, त्यांच्यासाठी कोणता दिवस आहे? ४ जून १९८९ ही तारीख तर तेथे उच्चारणेही धोक्याचे. परक्याने मारलेले आठवायचे, स्वकीयांनी मारलेले पुसायचे.

मग भारताचे काय? न्यायमूर्तींच्या निकालाने जग चकित झाले, त्या वेळी दिल्लीत स्वतंत्र भारताचे सरकार होते. त्या सरकारला या निकालाचा अभिमान वाटण्याऐवजी संकोच वाटला आणि हे मत पाल यांचे व्यक्तिगत आहे, सरकारचा त्याच्याशी संबंध नाही, असे संबंधित राष्ट्रांना अनौपचारिकपणे कळविण्यात आले. पुढे १९५९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आंतरराष्ट्रीय विधी आयोगावर त्यांनी प्रदीर्घ काम केले आणि १९६७ साली ते वारले. त्यानंतर त्यांचे नाव मागे पडले ते जपानशी मैत्रीची गरज निर्माण होईपर्यंत. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जपानी संसदेत त्यांचे स्मरण केले. ऑगस्ट २००७ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी आपल्या संसदेत त्यांचा गौरव केला आणि दुसऱ्याच दिवशी कलकत्त्याला जाऊन पाल यांच्या वृद्ध पुत्राची भेट घेतली. आबे यांच्या कृतज्ञतेला कौटुंबिक पदरही होता. त्यांचे आजोबा किशी नोबुसुके हे युद्धगुन्ह्यांचे संशयित म्हणून तीन वर्षे सुगामोच्या तुरुंगात होते. खटला न चालता ते सुटले आणि १९५७ साली पंतप्रधान झाले. जपानशी मैत्री भारताच्या हिताची आहे आणि चीनचे आव्हान समोर असताना ती वाढलीच पाहिजे. पण मैत्रीच्या भाषणांत पाल यांचे नाव जेव्हा जेव्हा आले, तेव्हा ते अर्धेच आले. शिवाय २०१६ मध्ये एका परदेशी मालिकेत इरफान खान यांनी पाल यांची भूमिका केली, तेव्हा कोठे हे गृहस्थ कोण, याचा शोध अनेक तरुण भारतीयांनी घेतला!

दुसऱ्यांच्या विस्मरणाचा हिशेब असा मांडता येतो. आपल्या वहीतले एक पान मात्र आपणही चिकटवून ठेवले आहे, आणि ते याच जपानच्या संदर्भातले आहे.

सेल्युलर कारागृह हे मराठी माणसाला तीर्थक्षेत्र आहे. सावरकर बंधूंच्या कोठड्यांपुढे माथा टेकल्यावाचून अंदमानची मराठी सहल पुरी होत नाही. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर येथे, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरम् येथे, तिरंगा फडकविला हेही प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. त्या घटनेच्या पंचाहत्तरीला, २०१८ साली, तेथील बेटांना नेताजींचे, ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे देण्यात आली. योग्यच झाले. पण ध्वज फडकला त्या दिवशी त्याच सेल्युलर कारागृहात भारतीय कैदी होते आणि त्यांना कोंडणारे इंग्रज नव्हते. इंग्रज मार्च १९४२ मध्येच पळून गेले होते. तुरुंगाच्या किल्ल्या जपानी आरमाराकडे होत्या.

त्या कैद्यांत डॉ. दिवाणसिंग होते. पंजाबचे हे डॉक्टर आणि कवी भारतीय स्वातंत्र्य संघाच्या, म्हणजे नेताजींच्याच चळवळीच्या संघटनेच्या, अंदमान शाखेचे अध्यक्ष होते. हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी त्यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडले. सुमारे तीन महिने त्यांचा अमानुष छळ झाला आणि १४ जानेवारी १९४४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, ते मरण पावले. नेताजी बेटावर आले तेव्हा ते त्याच तुरुंगात यातना भोगत होते. तिरंगा फडकल्याला पुरा महिनाही झाला होता तोच, ३० जानेवारी १९४४ रोजी, हमफ्रेगंज येथे चव्वेचाळीस भारतीयांना जपानी सैनिकांनी गोळ्या घातल्या. बहुतेक जण त्याच स्वातंत्र्य संघाचे. ऑगस्ट १९४५ मध्ये, अन्न संपत आले तेव्हा, कामाला निरुपयोगी ठरविलेल्या शेकडो माणसांना नावांत भरून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात लोटण्यात आले. हे तेच हॅवलॉक, ज्याचे नाव आता स्वराज द्वीप आहे. थायलंड आणि ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या लोहमार्गाच्या कामावर मलायातील हजारो तमिळ मजूर मेले, त्यांचीही गणना येथेच करावयास हवी.

नेताजींना हे कळू दिले गेले नाही, असे मानायला पुरेशी जागा आहे. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांच्या मुक्कामात त्यांना घेरून ठेवले होते. कळले असते तरी त्या घडीला त्यांच्या हाती किती होते? परक्याच्या शस्त्रबळावर उभ्या असलेल्या सरकारची ती मर्यादा होती आणि ती सांगितल्याने नेताजींची उंची तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो फक्त आपला एक सोयीस्कर समज, की इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र आणि मित्राने आपल्या माणसांना मारले असेल तर त्याविषयी मोठ्याने बोलू नये. जालियनवाला बागेबद्दल इंग्लंडने निःसंदिग्ध क्षमा मागावी, असा आग्रह भारत वारंवार धरतो. हमफ्रेगंजबद्दल कोणत्याही दिल्ली सरकारने टोकियोकडे अशी मागणी मोठ्या आवाजात केल्याचे ऐकिवात नाही. आपला तो बाब्या असतोच. येथे तर मित्राचाही बाब्याच झाला.

हमफ्रेगंज येथे त्या चव्वेचाळीस जणांचे स्मारक आहे. राजधानीपासून फार लांब नाही. गाडीने एका सकाळीत जाऊन परत येता येते. पर्यटकांच्या बस मात्र तेथे वळत नाहीत. डॉ. दिवाणसिंगांच्या नावाने शहरात गुरुद्वारा आहे, तेथे त्यांची आठवण राखली जाते ती बहुतांशी बेटावरच्या मंडळींकडून. ३० जानेवारी हा दिवस १९४८ नंतर साऱ्या देशाने हुतात्म्यांच्या स्मरणाचा म्हणून पाळला. त्या सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटांची शांतता असते. हमफ्रेगंजच्या चव्वेचाळीस जणांचाही तोच दिवस आहे, हे ठाऊक असणारे त्या शांततेत किती असतील?